कोर्लई ते कुडाळ: भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत काय उघडावं, काय मिटून ठेवावं

भाषाविज्ञानावर काय वाचू, असं विचारलं की हातात एक ठरलेली यादी पडते. आधी कुठलीशी तोंडओळख, मग सोस्यूर, मग ब्लूमफिल्ड, मग चॉम्स्की. विद्यापीठात, शेजारी शिकवणारा माणूस असताना ही वाट ठीक आहे. देवगडला किंवा श्रीवर्धनला घरी बसून वाचणाऱ्याचं गाडं मात्र सोस्यूरच्या पहिल्याच प्रकरणात रुततं आणि पुस्तक कपाटात जातं. हा वाचक शाखा शिकायला आलेला नसतो, त्याला प्रश्न पडलेला असतो. आजी 'माका' म्हणते आणि शाळेत 'मला' लिहायला लावतात, असं का? कणकवली, आंबोली या नावांचं शेपूट कुठलं? जेटीवर रोज पुकारला जाणारा 'लिलाव' आला कुठून? म्हणून इथे पुस्तकं प्रश्नांच्या क्रमानं पारखली आहेत, आणि फुकट मिळणाऱ्यांना झुकतं माप दिलं आहे. त्यांतली काही विकतच्यांपेक्षा सरस आहेत, फक्त ती वापरायची खुबी कुणी सांगत नाही.

मराठीतून सुरुवात करायची तर ना. गो. कालेलकर. 'भाषा : इतिहास आणि भूगोल' हे त्यांचं १९६४ चं पुस्तक, याला १९६७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषा का बदलते, बोली कशा पसरतात, नकाशावर बोलीच्या रेषा कशा काढतात, हे इतक्या स्वच्छ मराठीत नंतर फार थोड्यांनी लिहिलं. 'ध्वनिविचार' (१९५५) मात्र पहिलं वाचायला घेऊ नये. ते बारीक आणि कोरडं आहे, पण उच्चाराचा एखादा नेमका प्रश्न मनात असेल तेव्हा तेच कामाला येतं. या पुस्तकांची मर्यादा त्यांच्या काळाची आहे. समाजातल्या थरांनुसार उच्चार कसे बदलतात, हा गेल्या साठ वर्षांतला मोठा विषय त्यांत सापडणार नाही. पुस्तक मिळालं नाही तर मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ उघडा. भाषांवरच्या आणि भाषाविज्ञानावरच्या पुष्कळ नोंदी कालेलकरांच्याच आहेत, नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. एकेक नोंद वाचायला पंधरा मिनिटं पुरतात, पैसा एक लागत नाही.

मराठीतून वाचताना परिभाषा छळते. शब्दाचा अर्थ बदलू शकणारा ध्वनी, या एकाच कल्पनेला कुणी स्वनिम म्हणतं, कुणी ध्वनिम, कुणी वर्ण. दोन लेखकांची पुस्तकं एकदम उघडली की वाटतं, हे वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलतायत. भाषा संचालनालयाचा भाषाविज्ञानाचा परिभाषा कोश जालावर आहे, तो शेजारी उघडा ठेवावा. आणि एका वेळी एकच लेखक धरावा, तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये.

आता शब्दकोश. या परीक्षणात सगळ्यांत जास्त गुण कशाला द्यायचे असतील तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीला. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७, सुमारे ६०,००० शब्द), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०, पुरवणीसकट), तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९), टर्नरचा इंडो-आर्य (म्हणजे संस्कृत आणि तिच्या कुळातल्या) भाषांचा तौलनिक कोश आणि बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश, असं सगळं एका छपराखाली आणि फुकट आहे. एवढं कपाट कोकणातल्या कुठल्या घरात मावायचं नाही.

पण पहिल्याच शोधात लोक फसतात. मोल्सवर्थमध्ये 'नाव' टाकलं की होडी निघते. माणसाचं नाव हवं असेल तर 'नांव' टाकावं लागतं. तसंच 'गाव' नव्हे, 'गांव'. 'पाच' नव्हे, 'पांच'. 'केळं' नव्हे, 'केळें'. 'कोकण'सुद्धा 'कोंकण'. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचे. अनुच्चारित अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकला, कोशांत तो जागच्या जागी आहे. शब्द सापडला नाही की 'हा शब्द कोशात नाही' असा निकाल देण्याआधी तीन गोष्टी करून पाहा: पहिल्या अक्षरावर टिंब, शेवटच्या 'ं'च्या जागी 'ें', आणि इ-उ ऱ्हस्वाचे दीर्घ, दीर्घाचे ऱ्हस्व. तरीही नाही मिळाला तर सगळ्या मजकुरात शोध घ्यायची सोय वापरून मोल्सवर्थच्या इंग्रजी अर्थातला शब्द टाका. मासळी, जाळी, होड्या यांची नावं गोळा करायला हा उलटा रस्ता फार सोयीचा पडतो.

त्या टिंबाचा राग मात्र मानू नये. ती खूण इतिहासाची आहे. संस्कृत 'नाम' आणि 'ग्राम' यांतला दोन स्वरांमधला म झिजून नाकातला व झाला, आणि 'नांव', 'गांव' यांतलं टिंब म्हणजे त्या म चा उरलेला अवशेष. कोकणच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत चेमूल्य किंवा चिमूल्य दिसणारं बंदर आज चौल झालं, तिथेही हाच म याच वाटेनं गेला. वि. वा. मिराशींनी संपादित केलेला शिलाहार लेखांचा खंड (१९७७) जुन्या नावांसाठी चाळावा. स्थानकचं ठाणे, शूर्पारकचं सोपारा अशा जोड्या कागदावर लिहून काढल्या की कुठला ध्वनी कुठे गेला याचा धडा आपोआप होतो. ध्वनिपरिवर्तनावरच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकातली उदाहरणं इतकी जवळची नसतात.

दाते-कर्वे कोशाचा खरा उपयोग किनाऱ्यावरच्या माणसाला आहे. शब्दानंतर कंसात आखूड खुणा असतात: (कों.) म्हणजे कोकणातला, (राजा.) राजापुरी, (कु.) कुडाळी, (गो.) गोमंतकी, (चि.) चित्पावनी. घरातला एखादा शब्द 'आमचाच' वाटत असेल तर आधी ही खूण पाहावी. पुष्कळदा तो चार तालुके पलीकडेही सापडतो, कधी थेट वऱ्हाडात (व.) निघतो. चौकटी कंसात व्युत्पत्ती असते: [सं.], [का.] म्हणजे कानडी, [पोर्तु.], [फा.]. इथे सावध राहावं. अर्थ आणि प्रांत सांगण्यात हा कोश भक्कम आहे, व्युत्पत्तीत पुष्कळदा अंदाजावर चालतो. संस्कृतात मिळतंजुळतं काही दिसलं की [सं.] लावून मोकळं व्हायची त्या पिढीची सवय त्यातही आहे.

व्युत्पत्ती तपासायची तर तीन कोशांचा फेरा करावा. पहिला दाते-कर्वे. दुसरा टर्नर: चौदा हजारांवर नोंदी, पण मांडणी जुन्या इंडो-आर्य मूळ शब्दानुसार आणि रोमन लिपीत टिंबं-रेघांसह. मराठीची खूण रोमन 'एम' हे एकच अक्षर, कोंकणीची 'के-ओ'. 'केळ' थेट शोधण्यापेक्षा 'कदली' किंवा 'कदल' कडून गेलात तर प्राकृतातली 'कयली', 'केली' ही मधली पायरीही हाताशी येते. मधली पायरी न दाखवता संस्कृतातून मराठीत उडी मारणारी व्युत्पत्ती संशयास्पद धरावी, मग ती सांगणारा कितीही मोठा असो. तिसरा कोश बरो-एमेनोंचा. 'अक्का', 'अण्णा' यांसारखे शब्द तिथे मिळतील. कानडी आणि तुळू शेजारी असल्यामुळे दक्षिण कोकणातल्या शब्दांसाठी हा फेरा टाळू नये. कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६) एकट्यानं वापरण्याजोगा नाही, या तिघांच्या जोडीला चौथा म्हणून ठीक.

पोर्तुगीज शब्दांना यांतला एकही कोश पुरत नाही. तिथे सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो. मूळ गोव्याचे हे पंडित. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ चा, त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघालं. पुस्तकाची रचना लक्षात घ्या: शीर्षक पोर्तुगीज शब्दाचं, त्याखाली मराठी, कोंकणी, कानडीपासून मलायपर्यंतची रूपं. म्हणजे 'घमेलं' हवं तर 'गामेला' कडे जावं लागतं, 'चावी'साठी 'शावे' आणि 'बिजागरी'साठी 'बिसाग्रा'. जेटीवरचा 'लिलाव' हा 'लैलाँव', आणि तो शब्द पोर्तुगीजांनीही अरबीतून उचललेला. 'साबण'सारख्या शब्दाला दोन दारं आहेत, अरबी आणि पोर्तुगीज, तेव्हा एकच दार ठासून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. या पुस्तकानं एक खोड मात्र लागते. वाचून झालं की आठवडाभर प्रत्येक शब्द पोर्तुगीज वाटायला लागतो. ती दाते-कर्वे उघडून घालवावी.

स्थळनामांवर फ्रँकलिन साउथवर्थ यांचं दक्षिण आशियाच्या भाषिक पुरातत्त्वावरचं पुस्तक (२००५) आहे. महाराष्ट्रातली '-वली', '-ओली' अशी शेपटं द्राविडी 'पळ्ळी'शी, म्हणजे वस्तीशी जोडून त्यांचा भूगोल त्यांनी तपासला आहे. किनारपट्टीवर अशा नावांची दाटी आहे, त्यामुळे प्रकरण रंजक होतं. कोकणी वाचकानं मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'पल्ली' हा शब्द संस्कृतातही रुळलेला आहे, तेव्हा '-वली' दिसली म्हणजे गाव वसवणारे द्राविडी बोलत होते असं सिद्ध होत नाही. आणि आजच्या नावावरून निकाल देता येत नाही, ताम्रपटातलं किंवा जुन्या दप्तरातलं रूप मिळालं तरच बोलावं. पुस्तक महाग आणि जड आहे. विकत घेऊ नये, ग्रंथालयातून ते एक प्रकरण वाचावं.

बोलींकडे वळू. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) हा मराठीचा. मजकूर मुख्यतः नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी तयार केला. इंटरनेट आर्काइव्हवर तो फुकट मिळतो. त्यात बाणकोटी, संगमेश्वरी, आगरी, कोळी या बोली कोकणच्या प्रमाण मराठीत घातल्या आहेत आणि कुडाळी, दाल्दी, चित्पावनी कोंकणीखाली. प्रत्येक बोलीत बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर, त्याखाली लिप्यंतर, आणि शेवटी २४१ शब्द-वाक्यांची ठरावीक यादी. तुलनेला हे सोन्यासारखं आहे, कारण सगळीकडे मजकूर एकच. दुखणंही त्यातच आहे. या गोष्टीत डुकरं आहेत, पुष्ट वासरू आहे, दुष्काळ आहे. होडी नाही, जाळं नाही, माड नाही, भरती-ओहोटी नाही. किनाऱ्यावरच्या बोलीचा जो भाग खरा श्रीमंत, तोच तिथे कोरा. शिवाय नमुने सरकारी यंत्रणेमार्फत गोळा झाले, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याची शाळेतली मराठी मध्येच डोकावते. बोलणाऱ्यांचे आकडे तर १८९१ च्या जनगणनेचे, ते आज कुणाला ऐकवू नयेत. हा खंड वाचायची रीत अशी: आपली बोली आणि शेजारची बोली यांची भाषांतरं समोरासमोर ठेवा, फक्त प्रत्ययांवर रंग मारत जा. 'ला' कुठे, 'क' कुठे, 'आहे' कुठे, 'आसा' कुठे. एका दुपारचं काम आहे, आणि खाडीच्या अलीकडे-पलीकडे काय बदलतं ते डोळ्यांना दिसतं.

अ. मा. घाटगे यांची मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची इंग्रजी पुस्तकं ग्रियर्सनच्या पुढची पायरी. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती १९६० नंतरच्या दशकात काढली. कुडाळी (१९६५), महाडची कुणबी (१९६६), ठाण्याची वारली (१९६९), दक्षिण कानडातली कोंकणी (१९६३), अशी ओळ आहे. ध्वनी, रूपं, मग बोलीतला मजकूर आणि शब्दसंग्रह असा त्यांचा सांगाडा. सिंधुदुर्गातल्या माणसानं एकच पुस्तक वाचायचं तर 'कुडाळी' वाचावं. 'माका', 'तुका', 'घराक' हा 'क' फक्त एक लकब नसून आख्ख्या विभक्तीच्या घडीत बसलेला आहे, हे तिथे तक्त्यांतून कळतं. सुरुवात मात्र मागून करावी: आधी मजकूर मोठ्यानं वाचायचा, मग अडलेल्या रूपासाठी पुढचे तक्ते पाहायचे. पहिल्या पानापासून गेलात तर ध्वनींच्या याद्यांतच दम जातो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मोजक्याच लोकांकडून सामग्री घेतलेली असते, म्हणून 'पुस्तकात नाही, म्हणजे आमच्याकडचं चूक' असा अर्थ काढू नये. मंडळानं आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, आधी तिथे पाहावं, मग इंटरनेट आर्काइव्हवर.

गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड (संपादक अरुण जाखडे, २०१३) वेगळ्या जातीचा आहे. लेख बहुतेक बोली जाणणाऱ्यांनीच लिहिलेले. गाणी, नात्यांचे शब्द, रंगांची नावं भरपूर. उच्चाराचं नेमकं लेखन मात्र नाही, देवनागरीत जे मावलं ते. सामग्री म्हणून उत्तम, पुरावा म्हणून वापरताना कान लावून तपासून घ्यावं. कान लावायला डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाचं संकेतस्थळ आहे. एका अर्थाला कुठे कोणता शब्द, याचे नकाशे आणि लोकांच्या तोंडचं प्रत्यक्ष बोलणं तिथे मिळतं. ग्रियर्सनचा खंड वाचला की लगेच हे ऐकावं.

उच्चारासाठी पीटर लॅडफोगेड यांचं स्वनविज्ञानाचं क्रमिक पुस्तक (पहिली आवृत्ती १९७५) अजून कुणी मागे टाकलेलं नाही. जुनी आवृत्तीही चालते, तोंडातल्या जागा काही बदललेल्या नाहीत. पण त्यातली उदाहरणं मुख्यतः इंग्रजीची, म्हणून सोबत आपलीच उदाहरणं घ्यावीत. मराठीत 'च' हे अक्षर एक, ध्वनी दोन: 'चार' मधला तालव्य (जीभ टाळूला), 'चारा' मधला दंततालव्य (जीभ दातांच्या मुळाशी). 'माझा' म्हणताना जिभेचं टोक जिथे लागतं तिथे 'माझी' म्हणताना लागत नाही. 'चिंच' या एका शब्दात दोन्ही च आहेत. हे आधी तोंडात करून पाहिलं की लॅडफोगेडचं स्पर्शसंघर्षींवरचं (हवा आधी अडवून मग घासत सोडलेल्या, च-ज सारख्या ध्वनींवरचं) लिखाण दहा मिनिटांत उमगतं. आगरीत ण चा न आणि ळ चा ल होतो, म्ह-न्ह-ल्ह-व्ह हे महाप्राण एकेक ध्वनी मानायचे की जोडाक्षरं, असे प्रश्नही मग पुस्तकाला विचारता येतात.

जोडीला प्राट हे आवाज तपासायचं, मोजायचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं. अॅमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं ते. दिसायला जुनाट आहे, कामाला चोख. नवखा माणूस इथे तीन ठिकाणी चुकतो. एक, व्हॉट्सअॅपवरून आलेला आवाज वापरतो. तो दाबून लहान केलेला असतो, बारीक घर्षण त्यात उरत नाही. फोनवर वेव्ह स्वरूपात, ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, मोनो असं ध्वनिमुद्रण करणारं अॅप घ्यावं. दोन, प्राटच्या वर्णपटाची (आवाजातल्या कंपनांच्या चित्राची) खिडकी मुळात ५,००० हर्ट्‌झपर्यंतच दाखवते. दंततालव्य च चं घर्षण बरंचसं त्याच्या वर असतं, त्यामुळे दोन्ही च सारखेच दिसतात आणि माणूस पुस्तकाला खोटं पाडतो. खिडकी १०,००० पर्यंत वाढवावी, फरक लगेच दिसतो. तीन, स्वर मोजताना पुरुषांसाठी फॉर्मंटची (स्वराची ओळख ठरवणाऱ्या ठळक कंपनांची) कमाल मर्यादा ५,००० आणि बायकांसाठी ५,५०० ठेवायची ते विसरतो, मग आकडे भलतीकडे जातात. मुद्रण पडवीत करू नये. समुद्राचा वारा आणि डोक्यावरचा पंखा हे दोघे मिळून सगळं बिघडवतात. गाद्या-गोधड्या ठेवलेली आतली खोली सगळ्यांत बरी.

समाज आणि उच्चार यांवर एकच वाचायचं तर विल्यम लबॉव यांचा १९६३ चा मार्थाज व्हिनयार्डवरचा निबंध वाचावा. पुस्तक नव्हे, निबंधच. अमेरिकेतलं एक बेट, उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची झुंबड, आणि मूळ रहिवाशांत मासेमारी करणारे लोक. लबॉवनी ६९ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि दाखवलं की दोन संयुक्त स्वरांचा (ऐ, औ यांच्यासारख्या) जुना, बेटावरचा उच्चार सर्वांत ठळक होता तो मासेमारांत आणि बेटावरच राहायचं ठरवलेल्यांत. ज्यांचा ओढा मुख्यभूमीकडे, त्यांच्यात तो फिका. हे वाचताना कोकणी वाचकाला गणपतीत आलेले चाकरमानी आठवले नाहीत तरच नवल. मुंबईहून आलेला माणूस कुणाशी 'माका' म्हणतो, कुणाशी 'मला', आणि पाचव्या दिवसापर्यंत त्यात काय बदलतं, हे लबॉवच्या रीतीनं मोजता येण्याजोगं आहे. पद्धत उचलायची तर एवढी: एकच लक्षण घ्या, वीसेक माणसं वयाच्या तीन-चार गटांत वाटा, मोकळ्या गप्पा आणि यादी वाचणं या दोन्ही वेळा तेच लक्षण मोजा. 'तुम्ही मालवणी बोलता का?' हा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी विचारा. आधी विचारला की माणूस सावध होतो आणि मग मोजलेलं सगळं वाया.

भाषासंपर्कावर तर कोकणाला परदेशी उदाहरण शोधायची गरजच नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजजन्य क्रिओल, म्हणजे भाषांच्या संपर्कातून जन्मलेली नवी भाषा, बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांचं तिच्यावरचं पुस्तक (१९९६) हे या परीक्षणातलं सगळ्यांत नेटकं काम. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी ही भाषा का टिकली? क्लेमंट्सचं उत्तर असं की धर्मानं आणि जातीनं हा लहानसा समाज आजूबाजूच्या गावापासून वेगळा पडला, आणि त्या वेगळेपणानं भाषेभोवती कुंपण घातलं. पण कुंपण पक्कं नव्हतं. शब्द बरेचसे पोर्तुगीज राहिले, वाक्याची चाल मात्र मराठीकडे झुकत गेली: क्रियापद मधून सरकत शेवटाला आलं. कर्ता-क्रिया-कर्म या क्रमाचं कर्ता-कर्म-क्रिया होताना पाहायला मिळणं ही चैनच आहे. पहिली दोन प्रकरणं इतिहासाची, ती कुणालाही वाचता येतील. व्याकरणाच्या प्रकरणांना कागद-पेन्सिल हवी. याच्या जोडीला गम्पर्झ आणि विल्सन यांचा सांगलीजवळच्या कुपवाडवरचा १९७१ चा निबंध वाचावा. तिथे मराठी, कानडी आणि उर्दू शब्द आपापले ठेवून व्याकरणानं एकमेकींच्या जवळ आल्या. कोर्लई आणि कुपवाड शेजारी ठेवले की 'भाषा शुद्ध ठेवा' म्हणणाऱ्याला नेमकं काय शुद्ध ठेवायचंय, ते विचारता येतं.

व्याकरणाचं थोडक्यात. मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) अजूनही पहिलं. दामले हे मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे भाऊ, हे रत्नागिरीतसुद्धा फार जणांना ठाऊक नसतं. ग्रंथ सलग वाचायचा नाही, एखादा मुद्दा अडला की उघडायचा. इंग्रजीत राजेश्वरी पंढरीपांडे यांचं 'मराठी' (१९९७) एका ठरावीक प्रश्नावलीच्या क्रमानं लिहिलेलं आहे, कॉम्री आणि स्मिथ यांच्या. त्यामुळे सलग वाचणारा वैतागतो. मुद्द्याचा क्रमांक धरून दुसऱ्या भाषेवरच्या त्याच मालिकेतल्या पुस्तकाशी ताडून पाहणाऱ्याला मात्र त्याच्यासारखं साधन नाही. नवख्यानं ढोंगडे आणि वाली यांचं २००९ चं पुस्तक घ्यावं. 'मी आंबा खाल्ला' पण 'त्यानं आंबा खाल्ला', हा 'नं' एकाला का लागतो आणि दुसऱ्याला का नाही, असल्या प्रश्नांना ते नीट भिडतं. चॉम्स्कीचं १९५७ चं पुस्तक बारीक आहे म्हणून सोपं असेल असं समजून घेऊ नका. सोस्यूरही नंतरच. ते पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलंच नाही, १९१३ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या शिष्यांनी व्याख्यानांच्या टिपणांवरून १९१६ साली काढलं, आणि तसं ते वाचतानाही जाणवतं.

मराठीच्या इतिहासाला ज्यूल ब्लोक. मूळ फ्रेंच १९२० चं, वा. गो. परांजप्यांचं मराठी भाषांतर १९४१ चं. शंभर वर्षांनीही पाया तोच आहे, पण पानापानावर प्राकृत रूपं येतात, तेव्हा आधी वर सांगितलेला टर्नरचा सराव करून यावं. मालवणात जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांची १८७७ ची विल्सन व्याख्यानं त्याच्या आधी वाचली तर बरं. इंग्रजी जुनं, पण उदाहरणांची रेलचेल आहे. कोंकणीसाठी सु. मं. कत्रे यांचं १९४२ चं पुस्तक. ते ध्वनी आणि रूपं एवढ्यावरच थांबतं, वाक्यरचना शोधायला जाऊ नये.

मालवणी ही बोली की भाषा, यावर नाक्यावर जे वाद होतात त्यांना यांतलं एकही पुस्तक उत्तर देत नाही, आणि देणारं पुस्तक दिसलं तर जपून. कोंकणीला साहित्य अकादमीनं १९७५ साली स्वतंत्र मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात आली. या तिन्ही तारखा राज्यकारभाराच्या आहेत. त्या दिवशी कुडाळच्या बाजारात कुणाची विभक्ती बदलली नाही.

छापील पुस्तकांसाठी रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय (१८२८), सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर (१८५२), चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर (१८६४) अशी जुनी ठिकाणं किनाऱ्याच्या हाताशी आहेत. काउंटरवर 'भाषाविज्ञान' एवढंच सांगितलं तर व्याकरणाची गाइडं पुढ्यात येतात. ड्यूई पद्धतीनं लावलेल्या कपाटात ४१० खाली भाषाविज्ञान, ४९१.४६ खाली मराठी, हे क्रमांक सांगावेत. कोश घरी देत नाहीत, तेव्हा शब्दांची यादी आधी करून न्यावी. जुन्या पुस्तकाची फोटोप्रत काढायची तर मे महिन्यातच. जूननंतर कागद दमट होतो, पानं यंत्रात चिकटतात, आणि दमट प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली की गणपतीपर्यंत तिच्यावर बुरशीची हिरवी साय धरलेली असते. कपाटात उभी, थोडी सैल, मधूनमधून पंख्याखाली उघडून ठेवलेली बरी.